काळ्या दोऱ्याचा पीस

तर मम्मी, ते दोरे मीच काढले. पप्पांनी नाही, दादानं नाही, कामवाल्या मावशींनी तर बिलकुल नाही. तुझ्या सगळ्या ब्लाऊज पिसांच्या कोपऱ्यातले ते बारीक रंगीत टाके मी सोफ्यावर बसून, टीव्ही बघत, नेलकटरनं एकेक करून कापले आणि वर दादाला म्हणाले, "बघ, आता कसं नीट दिसतंय." मला वाटलं दुकानदाराची काहीतरी खूण असेल. तुझ्या इतक्या वर्षांच्या कामाचं मी असं करून टाकलं. आणि त्यामुळंच दादाचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं असताना नांदेडच्या काकूचा फोन आला, "देवकाला दुसरं कुणीतरी बघा. मी येत न्हाई."

तू दचकशील म्हणून आधी बाकीचं सांगते. दादाचं लग्न ठरलं. मुलगी लातूरचीच आहे, शिकवते, आणि दादाला गप्प बसवू शकते, म्हणजे तुला आवडली असती. पप्पा एकटे, त्यामुळं देवकाला काका-काकूंनी जोडीनं बसायचं, वरमाई म्हणून काकूनंच मिरवायचं, हे साखरपुड्यालाच ठरलेलं. दादा तसा लग्नातल्या कशातच लक्ष घालत नव्हता. मेनू काय, "काहीपण." शेरवानी कोणती, "काहीपण." पण काकूचा फोन आला त्या दिवशी तो जेवताना ताटावरून उठला. म्हणाला, "तिथं काकूच पाहिजे. तू गडबड केलीस, तूच निस्तर." तू गेलीस तेव्हा त्याचं दहावीचं वर्ष होतं, काकू दोन महिने लातूरला येऊन राहिली होती आणि रोज पहाटे त्याला उठवून, समोर बसून, वाचायला लावत होती. स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्याची मान खाली गेली की चिमटा काढायची. ते दादा विसरलेला नाही. मीही नाही, माझी तेव्हा सातवी होती आणि मला चिमटे फुकटात बसायचे.

आता ही गडबड झाली कशी ते समजायला तुझ्या मुलीला काय याड लागलंय ते तुला कळलं पाहिजे. मी गिफ्ट बांधते. कागदात नाही, कापडात. जपानमध्ये म्हणे चौकोनी कापडात वस्तू बांधायची पद्धत आहे, नुसत्या गाठी मारून, टेप नाही की काही नाही. व्हिडिओ बघून बघून शिकले. बाटलीची गाठ वेगळी, पुस्तकाची वेगळी, आणि एक तर अशी की वर सशासारखे दोन कान निघतात. पहिल्यांदा जमली तेव्हा मी नाचत पप्पांना दाखवायला गेले. ते शेंगा सोलत बसले होते. चष्म्याच्या वरून बघून म्हणाले, "हे तर बोचकं आहे."

"पप्पा, हे आर्ट आहे."

"हाव, बोचक्याचं आर्ट. आमची माय मुखेडच्या बाजाराला जाताना दर आठवड्याला करायची. तिला कुणी व्हिडिओ काढ म्हणलं न्हाई."

तरी मी थांबले नाही. जुन्या साड्या, पप्पांचे कॉलर फाटलेले शर्ट, दादाच्या जीन्स, काही सोडलं नाही. डाळ मिलची रिकामी पोती आणून त्यांची सुतळी उसवते आणि रिबीन म्हणून वापरते. पत्रिकांचे गणपती कापून टॅग करते. क्लासवाल्यांचे निकालाचे फ्लेक्स जुने झाले की मागून आणते, धुते आणि खोक्यांना आतून लावते, पाणी लागत नाही. एकदा एका बाईनं नवऱ्यासाठी माझ्याकडून घड्याळ पॅक करून घेतलं. त्यानं झाकण उघडलं तर घड्याळाच्या खालून कुणातरी टॉपर पोराचा एकच डोळा त्याच्याकडे रोखून बघत होता. तो म्हणाला, "घड्याळ छान आहे, पण हा कोण?" तेव्हापासून मी चेहरे वगळून कापते. रविवारी आपल्या हॉलमध्ये शिकवतेसुद्धा. लातुरात मी क्लास घेते असं सांगितलं की लोक विचारतात, फिजिक्स का बायोलॉजी? मी म्हणते, गिफ्ट रॅपिंग. मग ते पप्पांकडे बघतात, आणि पप्पा छताकडे.

तू असतीस तर खूप हसली असतीस. कारण हे सगळं तू आधीच केलं होतंस, आणि मी त्यावरून तुझ्याशी भांडले होते. आठवतंय ना? मी तिसरीत आहे. वर्गातल्या मैत्रिणीचा बर्थडे आहे, तिच्या घरी लिफ्ट आहे, म्हणजे माझ्या दृष्टीनं ती राणीच. तू शाळेतून नुकतीच आलीस, साडी बदललेली नाही, एका बाजूला कुकर लावलेला. गिफ्ट म्हणून रंगांची पेटी. तू गादी उचलतेस, खाली तुझा खजिना असतो, लग्नाबारशातून आलेले कागद, टेप सुरीनं हळूच सोडवून, एकही न फाडता इस्त्री केल्यासारखे ठेवलेले. पण त्या दिवशी नेमका पुरेसा मोठा कागद नसतो. मग तू कपाटातून एक पीस काढतेस, गुलाबी, त्यावर पांढरे ठिपके, आणि ओट्यावर ठेवून पेटी त्यात बांधतेस. वर अशी गाठ मारतेस की फूलच. आता मला ती गाठ येते, त्या गाठीचं जपानी नावसुद्धा येतं. तेव्हा मात्र मी पाय आपटत होते.

"मम्मी, हे गिफ्ट रॅप नाहीये. सगळ्यांचा चमकीचा कागद असतो."

"कागद ते फाडून फेकतील. ह्याचा तिची आई फ्रॉक शिवील."

"तिची आई फ्रॉक शिवत नाही! ती शॉपिंग करते!"

कुकरची शिट्टी झाली, तू गॅस बारीक केलास आणि विषय संपला. मी रिक्षात बसले आणि पहिल्या वळणावरच गाठ सोडली. पेटी तशीच उघडी दिली आणि पीस फ्रॉकच्या खिशात कोंबला. दुसऱ्या दिवशी तो तुला धुण्यात सापडला, केकचं क्रीम लागलेला. तू मला मारलं नाहीस. ओला पीस हातात धरून विचारलंस, "तुला लाज कशाची वाटली? कापडाची का माझी?" आणि मला शाळेत खरं बोलायचं शिकवलेलं होतं, म्हणून मी म्हणाले, "दोन्हीची." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग फिस्सकन हसलीस. मला वाटलं सुटले. पण पुढचे चार दिवस माझ्या डब्यात शेपूची भाजी होती, आणि ती मी त्याच लिफ्टवाल्या मैत्रिणीसमोर खाल्ली.

ती तुझी निळी सुटकेस मी दादाच्या लग्नासाठी म्हणून उघडली. तू गेल्यापासून कुणी उघडली नव्हती. वर तुझं पांघरूण होतं आणि खाली पीस, गठ्ठेच्या गठ्ठे, सगळे न शिवलेले. आपल्याकडे ओटीत आलेला पीस कुणी शिवत कुठं असतं? तो येतो, थोडे दिवस राहतो, आणि दुसऱ्या कुणाच्या ओटीत बसून पुढच्या गावाला जातो. काही पीस माझ्यापेक्षा जास्त फिरलेले असतील. मला काय, लॉटरीच लागली. मी ठरवलं की मानाच्या सगळ्या घरांना पत्रिका नुसती द्यायची नाही. स्टीलचा डबा, त्यात बेसनाचे लाडू, आणि डबा ह्या पिसात बांधायचा, सशाच्या कानांच्या गाठीनं. मम्मीचं कापड, माझी गाठ. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग ते टाके दिसले. प्रत्येक पिसाच्या कोपऱ्यात एकच छोटा टाका, कुठं लाल, कुठं हिरवा, कुठं पिवळा. काळे तीनच होते, म्हणून लक्षात राहिले. मी सगळे कापले. कापले ते कापले, वर ते रंगीत तुकडे गोळा करून टॅगला चिकटवले, डेकोरेशन म्हणून. पप्पांनी मानाप्रमाणं यादी काढली, आधी नांदेड, मग मुखेड, मग औसा. मी सुटकेसमधल्या क्रमानं पीस घेत गेले. आणि मम्मी, तू ते गठ्ठे घराघराप्रमाणं लावले होतेस. त्याच मानानं. आधी नांदेड, मग मुखेड, मग औसा.

म्हणजे ज्यानं जो पीस तुला दिला होता, तो मी सशाचे कान काढून त्याच्याच घरी पोचवला. एकही चुकला नाही.

पहिला फोन मुखेडच्या मावशीचा. तिला तर बोलताच येईना, इतकी हसत होती. "अगं पोरी, हा माझाच पीस की गं! कडेला हळदीचा डाग हाय बघ, मीच पाडलेला. डाग पडला म्हणून तर तुझ्या मायला दिला होता!" मग औशाची आत्या. ती हसली नाही, पण रागावलीही नाही, फक्त म्हणाली, "बरं झालं बाई, मला साडीवर हाच रंग पाहिजे होता." मला वाटलं, दोन झाले, चला, गंमत झाली. तेवढ्यात काकूचा फोन. ती हळू आवाजात बोलत होती, आणि काकू हळू बोलली की समजायचं.

"आमचं आम्हाला धाडलंस. समजलं मला. तुझ्या मायनं सांगून ठेवलं असंल."

"काकू, अगं, मम्मीला जाऊन तेरा वर्षं झाली—"

"तेच म्हणते. तेरा वर्षं ठेवला अन् येळ आल्यावर तोंडावर मारला. देवकाला दुसरं कुणीतरी बघा."

आता तो पीस कोणता होता ते ऐक, मग तुला सगळं कळेल. पोपटी. म्हणजे साधा पोपटी नाही, अंधारातसुद्धा दिसेल असा, त्याला जांभळा काठ आणि अंगभर चमकी. काकूच्या नांदेडच्या घराच्या वास्तुशांतीचा पीस. त्या दिवशी काकूनं भिंती, पडदे, सोफ्याची कव्हरं आणि बायकांना द्यायचे पीस, सगळं एकाच रंगात घेतलं होतं. आणि तू दारात उभी राहून, भरल्या घरात, बायकांच्या देखत म्हणालीस, "बाई गं, ही भिंत आहे का पोपट?" सगळ्या हसल्या. मीही हसले, मला आठवतं. काकू हसली नाही. त्यानंतर तुमचं दोघींचं बोलणं बंद. तू म्हणायचीस, ती करेल फोन. ती म्हणायची, तिनं करावा. पुढं तू आजारी पडलीस आणि ते तसंच राहिलं.

दादाच्या हुकमाप्रमाणं मी नांदेडची एसटी पकडली. पप्पांना म्हणाले, चला. ते म्हणाले, "बायांच्या पिसात मी पडत न्हाई." खिडकीशी बसून मी भाषण तयार करून राहिले होते, पर्यावरण, पुनर्वापर, कचरा, म्हणजे रविवारच्या क्लासला देते तेच. ते तीनदा म्हणून बघितलं आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर काकूचा चेहरा आला आणि ते बावळट वाटलं. अहमदपूरला गाडी थांबली, एक बाई मांडीवर बोचकं घेऊन शेजारी बसली, आणि त्या बोचक्याकडे बघता बघता मला एकदम तू आठवलीस. पलंगावर पीस पसरलेत, तुझ्या ओठात सुई आहे आणि मी दोऱ्याची रिळं रांगेत लावतेय. तू सांगतेस, "लाल नांदेड, हिरवा मुखेड, पिवळा औसा. ज्याचं त्याला परत जायला नको, म्हणून खूण." मी विचारते, "आणि काळा?" तू म्हणतेस, "काळा दिसला की हात लावायचा नाही. तो कुणालाच द्यायचा नाही." मी सीटवर ताठच बसले. शेजारची बाई म्हणाली, "काय गं, काही विसरलं का?" मी म्हणाले, "विसरलं होतं. आता आठवलं." ती म्हणाली, "मग उतरू नको, बस."

कारण त्या पोपटी पिसाला काळा दोरा होता, मम्मी. नांदेडचा असून लाल नाही. काळा.

काकूनं दार उघडलं, माझ्याकडे न बघता "ये" म्हणाली आणि आत जाऊन डाळ निवडायला बसली. भिंत तशीच आहे, पोपटी. नंतर दोनदा रंग काढला म्हणे, दोन्ही वेळेला तोच दिला. टीव्हीवर तो पीस घडी करून ठेवलेला, भिंतीत मिसळून गेलेला, त्यामुळं मला आधी दिसलाच नाही. काका पेपरच्या मागं होते. डबा त्यांच्या खुर्चीखाली होता.

"काकू, माझी चूक झाली. मी ते अपसायकलिंग—"

"मला इंग्लिश नको सांगू. डिग्री घेतली, जपान शिकली, अन् कुणाचं कुणाला देऊ न्हाई एवढं कळंना? आपल्याकडं आपला पीस आपल्यालाच परत आला म्हंजे काय समजायचं?"

"काय?"

"संबंध संपला समजायचं."

पेपरच्या मागून काका म्हणाले, "संबंध संपला असंल तर डबा परत करावा लागंल. चारच लाडू राहिलेत, सांगून ठेवतो."

"तुम्ही गप बसा हो! त्या लाडवाला हात लावू नका म्हणलं होतं ना मी?"

"तू म्हणलीस तेव्हा सहा राहिले होते."

काकूनं त्यांच्याकडे असं बघितलं की पेपर आणखी वर गेला. मग ती डाळीतला खडा बाजूला ठेवत म्हणाली, "दोरा बघितला न्हाईस का तू? तुझी माय दोऱ्याबिगर पीस ठेवणारी न्हवती. ते टाके मीच शिकवले तिला, लग्न होऊन आली तेव्हा. आमच्या घराचा लाल. लाल दोरा बघून पण नांदेडला धाडलास, म्हंजे मुद्दाम."

"लाल नव्हता."

"खोटं बोलू नको."

"शप्पथ. काळा होता."

काकूचा हात ताटलीत थांबला. काकांचा पेपर खाली आला. काकूनं विचारलं, "काळा? काळा कशाचा असतो? असला रंग काय मी शिकवला न्हाई तिला."

मी तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. काळा दिसला की हात लावायचा नाही. तो कुणालाच द्यायचा नाही. काकू उठली, टीव्हीवरचा पीस घेतला, कोपरा शोधला, आणि नखानं ती जागा चाचपत राहिली जिथं मी टाका कापला होता. कापडाला दोन बारीक भोकं होती.

"म्हंजे माझा पीस फिरवला न्हाई तिनं," ती म्हणाली. "सगळ्यांचे फिरवले. माझा ठेवला."

"हाव."

"दवाखान्यात आले होते मी. ती झोपलेली होती. म्हणलं उठवू नये, उद्या बोलू."

मी मान हलवली. पण काकू ती काकूच. डोळे पदरानं पुसून झाले आणि लगेच तिनं मान वर केली, जशी दादाचं उत्तर चुकलं की करायची. "पण मग शिवला का न्हाई तिनं? एवढा ठेवला, तर अंगाला का लावला न्हाई?"

मम्मी, बसमध्ये हा प्रश्न सुचलाच नव्हता. काकू बघतेय, काका बघताहेत, आणि मला लातुरात ताटावरून उठलेला दादा दिसतोय. मी म्हणाले, "शिंप्याकडं टाकणार होती. माप पण काढून ठेवलं होतं. तेवढ्यात आजारी पडली."

काकूनं मोठा श्वास सोडला. मग काकांना म्हणाली, "उठा, दूध आणा, पोरीला चहा ठेवते." आणि मला म्हणाली, "अन् तू, ते कान काढायची गाठ दाखव बरं. सोडताना मला लई तरास झाला." चहा होईपर्यंत तिनं उशी, पाण्याची बाटली आणि काकांचं चष्म्याचं घर, सगळ्याला कान काढले.

देवकाला काकूच बसली. आणि मम्मी, तो पीस शिवून बसली. आख्ख्या मांडवात दुसरा कुठला रंग दिसतच नव्हता. फोटोवाला दोनदा म्हणाला, "ताई, जरा मागं सरा, लाईट मारतंय," आणि काकू दोन्ही वेळेला पुढं सरकली. वहिनीच्या आईनं विचारलं, हे कापड कुठं मिळालं हो, तर ती मान ताठ करून म्हणाली, "माझ्या जावेनं जपून ठेवलं होतं." दादानं पाया पडताना त्या ब्लाऊजकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि कधी नव्हे ते मला टपली न मारता पुढं गेला. फक्त पप्पांना काय झालं कुणास ठाऊक. काकू मांडवात आली तशी त्यांनी तोंडाला रुमाल लावला आणि स्वयंपाकाकडं निघून गेले. सगळ्यांना वाटलं, तुझी आठवण आली. मी मागं गेले तर ते भिंतीला टेकून हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी विचारलं, "पप्पा, तो काळा दोरा कशाचा हो?" ते म्हणाले, "तुझ्या मम्मीच्या सुटकेसला मी कधी हात लावला न्हाई," आणि जिलेबी बघायला गेले.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते तुला सांगते. काळे दोरे तीन होते. एक काकूच्या पोपटी पिसाला. दुसरा एका निळ्या पिसाला, त्याच्या मधोमध इस्त्रीनं जळालेलं भोक आहे, तो कुणाला देण्यासारखाच नाही. आणि तिसरा त्या गुलाबी, पांढऱ्या ठिपक्यांच्या पिसाला. क्रीमचा डाग अजून आहे. तो मी कुणाला दिला नाही, ओळखला तेव्हाच बाजूला ठेवला. आधी मला वाटलं, तो तू माझी आठवण म्हणून ठेवलास. मग वाटलं, डाग निघाला नाही म्हणून पण असेल. काकूला मी निळ्याचं सांगितलंच नाही. आणि मापाचं तर पूर्ण खोटं होतं, तुझं माप कुठं आहे ते मला माहीतसुद्धा नाही.

परवा काकूनं लाडवाचा डबा परत पाठवला, रिकामा नाही, आत शेंगांची चटणी. बाहेरून पिसात बांधलेला, वर दोन कान, एक लांब एक आखूड. पीस नारंगी आहे. त्याला पोपटी काठ आहे. चमकी तर हाताला लागते. आणि कोपऱ्यात, अगदी सरळ, काळ्या दोऱ्याचा टाका. सोबत चिठ्ठी नाही, पण फोन केला होता. "बघितलास का दोरा? कुणाला द्यायचा न्हाई. शिव."

हे सगळं मी उरलेल्या पत्रिकांच्या पाठीमागं लिहून राहिलेय, सात झाल्या. ह्या गुलाबी पिसात बांधून निळ्या सुटकेसमध्ये तुझ्या पांघरुणाखाली ठेवणार, दुसरं कुठं पाठवणार? रविवारी काकू येतेय, माझ्या क्लासला, आणि पहिल्या रांगेत बसणार आहे. नारंगी ब्लाऊज घातला नाही तर चिमटा ठरलेला आहे. तेव्हा ती परत विचारेल, तुझी माय त्या दोऱ्याबद्दल आणखी काय म्हणाली होती. मला तर आता दोन्ही कारणं खरी वाटायला लागलीत. पण टाका तू घातला होतास, मी नाही. तर मम्मी, तूच सांग, तो पोपटी पीस तू काकूसाठी ठेवला होतास, का तो रंग कुणाच्या ओटीत घालायची तुला हिंमतच झाली नाही?